कळ्या मी तोडणारच

प्रिय डार्सी,

प्रिय तू आहेसच, म्हणून रागही सरळ तुझ्याकडेच पाठवते आहे. तुझ्या आईला, माझ्या आर्लीनला, जाऊन या शनिवारी वर्ष होतं. संध्याकाळी तिच्या नावानं जेवण आहे, साठेक माणसं येतील. वेंडेलमामानं हरणाचं मांस राखून ठेवलंय, तळलेल्या भाकरी शेजारणी करणार आहेत. मिल्कवीडच्या रानझाडाच्या कळ्यांचं सूप मात्र माझ्याकडे. आर्लीनच्या जेवणात ते नसलं तर लोक काही बोलायचे नाहीत, पण मला आरशात तोंड बघवणार नाही.

सोमवारी बादली घेऊन जुन्या रुळांजवळच्या रेताड माळावर गेले. कळ्या अगदी हव्या तशा होत्या, हिरव्या आणि घट्ट मिटलेल्या. आठवड्यानं गुलाबी होऊन उमलतील, मग भांड्याच्या कामाच्या नाहीत. आणि समोर बघते तर नवी कोरी पाटी: 'मोनार्क फुलपाखरांचा अधिवास. मिल्कवीड तोडण्यास मनाई आहे.' मी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि तोडायला लागले. तेवढ्यात हिरवं जाकीट घातलेली एक मुलगी धावत आली. "बाई, थांबा! हे फुलपाखरांचं अन्न आहे." म्हटलं, "बाळ, माझंही तेच आहे." माझी चिकानं माखलेली बोटं बघून बिचारी दचकलीच. "पण हे विषारी असतं ना?" म्हटलं, "पाणी बदलून बदलून उकळायला तुला कुणी शिकवलं नाही, त्याला झाड काय करणार?" तिनं फोन काढला. मी अर्धी बादली घेऊन घरी आले. घाबरून नाही हं. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं, ते वाचून हातच चालेना. त्याचं शेवटी सांगते.

वेंडेल हसून हसून बेजार. "अगं लव्हिना, पुढच्या वर्षी हरणांसाठी लावतील, 'चरू नका' म्हणून! आणि हरणं बिचारी वाचता येत नाही म्हणून गजाआड!" त्याचं ठीक आहे, थट्टा करायचा हक्क मामाचा. आपल्या हो-चंक जमातीत मावशी म्हणजे धाकटी आई, आणि आईनं सरळच बोलायचं असतं.

म्हणून सरळ सांगते. आम्ही शेंडा खुडतो, तेव्हा बाजूनं कोवळे फुटवे येतात, आणि फुलपाखरू अंडी घालायला नेमकं तेच शोधत येतं. माळाच्या कुंपण घातलेल्या कोपऱ्याला तीन वर्षं कुणी शिवलेलं नाही. जाऊन बघ, पानं राठ झालीत, झुडपं आत घुसलीत. बाकीचा माळ उघडा राहिला, ऊन खात राहिला, तो आपोआप नाही. झुडपं आम्ही उपटली, वसंतात वाळकं गवत आम्ही जाळलं. आपल्या पणज्यांना सरकारनं इथून हुसकून, आगगाडीत कोंबून पश्चिमेला नेऊन सोडलं होतं, त्या पायी परत आल्या आणि पहिला उन्हाळा याच कळ्यांवर काढला. तेव्हा कुणी पाटी लावली नव्हती. असती, तरी त्यांनी तिचं सरपण केलं असतं.

तू सहा वर्षांची होतीस, आठवतं? बादलीत तुला या फुलपाखराची एक पट्टेरी अळी सापडली आणि तू असा काही गळा काढलास, की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. आर्लीननं भरलेली बादली जमिनीवर पालथी केली, एकेक कळी तपासली, अळी परत पानावर ठेवली. वर माझ्यावरच ओरडली, "बघून तोडत जा की!" तेव्हापासून आमचा नियमच झाला. अळी दिसली की तो दांडा डार्सीचा, हात लावायचा नाही. सोमवारीसुद्धा मी अकरा दांडे तुझ्या नावानं सोडले. पाटीचा तळ तोपर्यंत वाचला नव्हता.

पाटीच्या तळाशी तुझं नाव आहे, डार्सी. वन्यजीव खात्यातल्या हुद्द्यासकट. तुला शिकायला आम्हीच पाठवलं, त्या हुद्द्याचा मला अभिमान आहे, गावभर सांगत फिरते. पण फुलपाखरांना जीव लावायला तू त्या कचेरीत शिकली नाहीस. आमच्या बादलीशी शिकलीस. 'मनाई' लिहिताना तुला आईचे हात कसे आठवले नाहीत? मला फार लागलं ते. शनिवारी सकाळी आठ वाजता मी माळावर असेन, त्या पाटीला टेकून, लपूनछपून नाही. दंड करायचा तर पावतीपुस्तक घेऊन तूच ये, त्या पोरीला पाठवू नकोस. मी दोन बादल्या आणणार आहे. दुसरी तुझ्या आईची, कडी तुटलेली. ती दोन्ही हातांनी धरावी लागते, पावतीपुस्तकाला हात उरत नाही.

तुझीच, पाटी असली तरी तुझीच,
धाकटी आई लव्हिना