पाचव्या शीलापाशी

१४ जुलै, अमरावती
पाली भाषेचा क्लास सुरू. राजापेठेत स्कूटी लावायला जागा नाही, जिकडेतिकडे ट्यूशनची पोरं. वॉचमननं विचारलं, "नातवाले सोडाले आल्या का?" म्हटलं, "मीच शिकाले आली." नर्सची नोकरी संपली, आता माझी मर्जी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. वंदना, पंचशील जन्मभर म्हटलं, अर्थ कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही. रागच आला.

२ ऑगस्ट
आज पंचशील. हात जोडतो म्हणून मला वाटायचं, काहीतरी मागतोय. मागणं नाहीच! हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा यांपासून दूर राहीन, असा ज्याचा त्यानं दिलेला शब्द. कुणी लादलेला नाही. एवढा आनंद झाला की भाजी करपली.

लगेच दादाला फोन. वर्षावासात, म्हणजे आषाढी ते आश्विन पौर्णिमा, अकोल्याच्या विहारात रोज संध्याकाळी तोच धम्मग्रंथ वाचतो, पंचशीलही तोच पुढं म्हणतो, लोक मागून. म्हटलं, एक दिवस येऊन अर्थ सांगते.
"गाथा म्हणाच्या असतात, शालू. अर्थ कायले पायजे? लोक येऊन राहिले, हेच लय झालं."
फोन ठेवून दिला. माझाच भाऊ, हट्टी. पण मीही त्याचीच बहीण.

५ ऑगस्ट
वहिनीचा फोन. "ताई, तुमी याच. आमी बायकाईनं ठरवलं. तुमच्या भावाले मी पाहून घेईन."

१० ऑगस्ट, अकोला
सांगितलं!! दादा भिंतीकडे तोंड करून. आपल्या वऱ्हाडीतच बोलले, "हे मांगणं नाही, आपला शब्द हाय. पाळता येत नसन तर सध्या चूप राहा, पण खोटा शब्द देऊ नका."
मागून एक म्हातारी, "मंग आमी आतालोक काय म्हणून राहिलो वो बाई?" सगळा विहार हसला. ऐकत होते सगळे, खरंच ऐकत होते.
परतताना मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होते.

१२ ऑगस्ट
वहिनी फोनवर हसून हसून बेजार. काल पंचशील झालं. पहिली तीन दणक्यात, चौथ्याला काही जण अडखळले, आणि पाचव्याला, नशेच्या, पुरुषांच्या बाजूनं आवाजच नाही! बायका तेवढ्या खणखणीत.
मग तिच्या हातून फोन घेऊन दादा कडाडला, "तू विहाराचा आवाज बसवला. भरल्या विहारात मी एकटाच ओरडून राहिलो."
"पहिल्यांदाच समजून चूप बसले, दादा."
त्यानं फोन कापला. वाईट वाटलं, रडलेही. पण समजलेलं पुन्हा न समजल्यासारखं कसं करायचं...

२४ सप्टें.
दादाचा अबोला. इकडे परीक्षेची तयारी. वहिनी सांगते, दोनतीन माणसं पाचव्याला परत बोलायला लागली. एक तर रोजचा पिणारा. त्याची बायको तिथंच रडली म्हणे. मी इथं.

४ ऑक्टो.
दादाचा फोन! खोकला, ऊन, सोयाबीन, सगळं झालं. मग हळूच,
"शालू, खर्रा येते का वं त्या पाचव्यात?"
आता कळलं, अबोला कशाचा होता. त्याच्या गालात जन्मभर तंबाखू-सुपारी. विहारातही पुडी खिशात.
"मॅडमले विचारू का?"
"नको. तू सांग."
"शब्द तुहा हाय दादा. तूच ठरव."
मग म्हणाला, "पौर्णिमेले वर्षावासाचा समारोप हाय. पुढं तू बस. तूच म्हण. मी मांगं बसतो."
"अन् पाचवं?"
"पाहू."
ज्या जागेवर त्यानं कुणाला बसू दिलं नाही, ती मला! पांढरी साडी इस्त्रीला दिली. पुढं बसलं की मागचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. पाचव्याला मी जरा थांबणार आहे.