विहारात ताईचा आवाज, पण घाईतला

आदरणीय धम्मदीपाताईस कामरगावाहून धाकट्या प्रसेनजितचा मानाचा जय भीम.

इकडे आम्ही दोघे बापलेक खुशाल आहोत. बाबांचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे असं डॉक्टर म्हणतात, आणि त्याच्याआधी आपली तूर पिकेल असं बाबा म्हणतात. तुझी तब्येत कशी आहे? (नर्सबाईंना हे कुणी विचारत नसेल म्हणून मुद्दाम विचारतो.) बंगळुरूत ज्वारीची भाकर मिळते का? मिळत नसेल तर बाबांना कळवू नकोस, त्यांच्याही घशाखाली घास उतरायचा नाही.

तर ताई, पावसाबरोबर तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला आणि विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ कोण वाचणार, हा प्रश्न यंदाही उभा राहिला. तू होतीस तोवर प्रश्नच नव्हता. मी वाचायला बसलो की शेजारच्या चंपाबाई पहिल्याच पानाला डुलक्या घेतात, आणि बाबांना आता स्वतः वाचता येत नाही नि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकवत नाही. मागच्या वर्षापासून ते विहारात जायचेच बंद झाले. ते मला बघवेना. यंत्राला बोलायला शिकवण्याचा पगार घेणारा मी, उचलली जीभ नि लावली टाळ्याला. भर विहारात सांगून बसलो की यंदा ताईच वाचेल, मी तिचा आवाज संगणकात बसवतो.

आवाज आणायचा कुठून? बाबांच्या मोबाईलमधून. तू पाठवलेला एकही आवाजी निरोप त्यांनी पुसलेला नाही. (मोबाईलचं पोट इतकं भरलंय की आता त्यात साधा फोटोही मावत नाही.) ते सगळे निरोप मी सॉफ्टवेअरला ऐकवले. हे सॉफ्टवेअर बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा सरासरीनं कसा असतो ते लक्षात ठेवतं. पण नुसत्या सरासरीवर बोलणं होत नाही. मागचा तुकडा कुठून आला, पुढचा कुठं निघाला, हेही बघावं लागतं. त्यासाठी त्याला तीन खिडक्या असतात: एक स्वतःकडे बघायची, दुसरी आवाज चढतोय की उतरतोय ते बघायची, तिसरी तो वळतोय कुठं ते बघायची. या खिडक्या आकड्यांनी बसवायच्या असतात, आणि तिथंच मी माती खाल्ली. पहिल्या खेपेला मी एकच खिडकी लावली. प्रत्येक तुकडा आपल्याच तोऱ्यात, शेजाऱ्याशी बोलणं नाही. बांधावरून बकरी उड्या मारत जावी तसा तुझा आवाज निघाला. मग चिडून बाकीच्या खिडक्या नको इतक्या रुंद केल्या, तर आवाज सगळ्या गल्लीचं ऐकून घेणाऱ्या सरपंचासारखा झाला. चढ नाही, उतार नाही, कुणाला दुखवणं नाही. शेवटी कसेबसे आकडे जमले, आणि ताई, तू बोललीस. खरं सांगतो, मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन आलो.

विहारात भोंगा लावला. बाबा धुतलेलं पांढरं धोतर नेसून सगळ्यांच्या पुढे बसले. तू वाचायला लागलीस. उच्चार स्वच्छ, आवाज तुझाच. पण प्रत्येक वाक्य शेवटाला आलं की तू पळायला लागायचीस. करुणेवरचं इतकं शांत वाक्य, तेही तू "पेशंट आला बाबा, ठेवते" याच चालीवर संपवलंस. चंपाबाई टक्क जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "काहून व माय, पोरीची जीप सुटून राह्यली काय?" सगळा विहार हसला. बाबा हसले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "आवाज तिचाच हाय बाप्पा. पण मले वाचून दाखवाले ते मांडी घालून बसे. हे तर उभ्या-उभ्याच आली."

मी पुन्हा तपासलं. खिडक्यांचा दोष नव्हता. यंत्र जे ऐकतं तेच शिकतं, आणि इतक्या वर्षांच्या निरोपांत तू एकदाही निवांत बोललेली सापडली नाहीस. (बोल लावत नाही. वॉर्डात उभं राहून कोण निवांत बोलेल?) तुझी आठवण येते ताई. मलाही येते, आणि ती कुठल्याच आकड्यांनी बसत नाही.

तुझा धाकटा,
प्रसेनजित

ता. क. खरं काम असं की सुट्टीच्या दिवशी मांडी घालून ग्रंथाची थोडी पानं सावकाश वाच आणि ध्वनिमुद्रण पाठव. त्यावरून यंत्राला पुन्हा शिकवतो.

ता. क. २. बाबा म्हणतात पाठवू नको. बाबा वाट बघतात, वर्षावास संपायच्या आत घरी ये.

ता. क. ३. चुका तपासायला हे पत्र आत्ताच यंत्राकडून तुझ्या आवाजात वाचून घेतलं. "घरी ये" हे शब्द तू नेहमीसारखेच घाईत म्हणालीस. बाबा ओसरीवर होते. "आलो व पोरी" म्हणून काठी चाचपत उठले आणि आत आले. आता दारात उभे आहेत आणि तू कुठल्या खोलीत आहेस ते मला विचारत आहेत.