स्पर्शभास

४ नोव्हेंबर १९९६, सोमवार
पोचले एकदाची. मुडिगेरेहून जीपने तासभर, दोन्हीकडे कॉफीचे मळे. डॉ. उडुपांचं खासगी मनोरुग्णालय टेकडीवरच्या कौलारू बंगल्यात आहे. चाळीस खाटा. मला वेगळी खोली, आणि दारावर पाटी: 'भागीरथी हेगडे, मानसशास्त्रज्ञ'. पाटी बघायला मी दोनदा बाहेर जाऊन आले. सिस्टर फिलोमिनांनी गरम अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी, वाढली आणि 'डॉक्टरम्मा' म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टर नाही हो. माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, तर हाच टोमणा असतो, सात वर्षं शिकलीस आणि तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही.

६ नोव्हेंबर
उडुप मनोविकारतज्ज्ञ आहेत. आधी एमबीबीएस, मग एमडी. साठीचे, मृदू बोलणारे. कामाची वाटणी त्यांनीच समजावली. औषधं, इंजेक्शनं, रुग्णाचं शरीर, कुणाला ठेवायचं नि कुणाला सोडायचं, हे सगळं त्यांच्याकडे. गप्पा, चाचण्या, नोंदी माझ्याकडे. "तुम्ही ऐका, मी लिहून देतो," म्हणाले. मला आवडलं ते.
बायकांच्या वॉर्डात गिरिजम्मांपाशी तासभर बसले. निवृत्त शिक्षिका, मुलाने इथे आणून ठेवलेल्या. गोळ्यांनी जीभ जड झालीय, तरी माझं व्याकरण सुधारतात. पाठीत काहीतरी चालतं, म्हणाल्या. मी 'स्पर्शभास' असं नोंदवलं.

११ नोव्हेंबर
नोंद वाचून उडुपांनी शाबासकी दिली आणि गोळ्या वाढवल्या. गिरिजम्मा आता कुशीवरही वळत नाहीत. वॉर्डात गोडसर, कुजका वास भरलाय. फिनेलने जात नाही. माझ्या केसांना येतो, कॉफीलाही येतो. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, सवय होईल.

१५ नोव्हेंबर
आज गिरिजम्मांनी मनगट धरलं. "लिहू नकोस, मुली. बघ."
रुग्णाचं अंग तपासणं माझं काम नाही, तसं मला बजावलंय. तरी त्यांना कुशीवर वळवायला गेले. चादर पाठीला चिकटली होती. हलकेच ओढली, तर तिच्याबरोबर कातडीही आली. कमरेवर तळहाताएवढा खड्डा. आत भाताच्या शितांसारख्या पांढऱ्या अळ्या, वळवळत, एकमेकींवर चढत. एक माझ्या बोटावर आली.
मोरीत जाऊन ओकले. दुपारी भाताचं ताट तसंच परत पाठवलं.
नऊ दिवस मी याला भास म्हणत होते. सुंदर अक्षरात.

१६ नोव्हेंबर
उडुपांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "जखमा तपासायची पदवी आहे का तुमच्याकडे?" मग विचारलं, झोप लागते का, अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का. मी हो म्हणाले. कालपासून बोटं घासतेच आहे मी. त्यांनी ते लिहून घेतलं.
परत येऊन वॉर्डातल्या आणखी पाच चादरी उचलल्या. चौघींना — नाही लिहवत.

१८ नोव्हेंबर
मी फोन केला म्हणून तालुक्याहून आरोग्य खात्याचे साहेब आले. तुम्ही डॉक्टर का, विचारलं. मानसशास्त्रज्ञ, म्हटलं. मग ते उडुपांशीच बोलले, कॉफी प्यायले. गिरिजम्मांची खाट रिकामी. घरी पाठवलं म्हणे. एकाही चादरीला हात न लावता साहेब गेले.

२० नोव्हेंबर
सिस्टरनी कॉफी दिली, कडू होती. जीभ जाड झालीय. अक्षर वाकडं — दाराला बाहेरून कडी —

२३ किंवा २४
अण्णा आला होता. उडुपांनी त्याला ही वही दाखवली. 'अळ्या' या शब्दाखाली लाल रेघा मारल्यात. अण्णा रडला. मग दोघांनी मला इथे ठेवून घ्यायच्या कागदावर सह्या केल्या. मला एक शब्दही —
वही परत दिली. लिहू द्या तिला, उडुप म्हणाले, आपल्याला कळत राहील.

तारीख माहीत नाही
अण्णा, तू परत येशील, ते तुला पुन्हा वही वाचायला देतील. वही ठेव बाजूला. वास येतो ना तुला? मला पाठ बघता येत नाही. चालतंय खरंच की भास — हेच शिकले ना मी सात वर्षं — तरी मलाच —
कुणाला विचारू नकोस. कुणाचीही चादर उचल. पलीकडच्या बाईची — आधी माझी —
सिस्टर आल्या. हातात सुई. अण्णा, चादर ओढताना हळू, ती चिक