विल्फनंतरची पहिली मॅच

४ फेब्रुवारी, सोमवार

विल्फ ऑर्मरॉड गेला! सकाळच्या बातम्यांत सांगितलं, तेही त्याच्याच रेडिओवर. नॉर्मनच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. मग म्हणाला, "बंद कर तो." बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने रेडिओ बंद करायला आज पहिल्यांदा सांगितलं.

चौदा वर्षं विल्फ आमच्या टाउन फुटबॉल क्लबकडून खेळला. डावा बचावपटू, तीन नंबरचा शर्ट. त्यानंतर एकवीस वर्षं रेडिओवर मॅचचं वर्णन. नॉर्मनची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण घरच्या मैदानावरची एक मॅच त्याने चुकवली नाही. माझ्याशेजारी बसायचं, कानात इअरफोन घालायचा आणि विल्फ सांगेल ते बघायचं. हो, 'बघायचं'. शब्द त्याचाच.

७ फेब्रुवारी

मैदानाच्या फाटकावर विल्फसाठी टाउनचे मफलर बांधून आलो. शेकडो मफलर, सगळे पावसाने निथळत होते. लोक हलायलाच तयार नाहीत. बॅरी खाटीक म्हणाला, "विल्फने उभ्या जन्मात तीन गोल केले, त्यातले दोन आपल्याच जाळ्यात!" — नॉर्मन चार दिवसांनी हसला. एक टॅक्सीवाला आपणहून सांगायला लागला. बायको सोडून गेली त्या हिवाळ्यात शनिवारी दुपारी विल्फचा आवाज होता म्हणून तो तरला म्हणे. ओळख ना पाळख, पण नॉर्मनने त्याचा हात धरला. मलाही रडू आलं. असा माणूस आपल्या गावाला मिळाला, किती भाग्य!

९ फेब्रुवारी

आज मॅच बाहेरगावी. रेडिओ लावला नाही. नॉर्मनने दुपारभर कपाट आवरलं. म्हणजे मी परत आवरलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

अंत्यविधी. चर्च भरून लोक बाहेर रस्त्यावर उभे. मिसेस ऑर्मरॉड दारात उभ्या राहून प्रत्येकाशी हात मिळवत होत्या. नॉर्मन एवढंच म्हणाला, "तुमच्या नवऱ्याने मला नऊ वर्षं मॅच दाखवली." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मागून रांग सरकली.

नंतर चहा आणि हॅम सँडविच. सँडविच अगदीच कोरडी. विल्फ रेडिओवर बोलला असता त्याबद्दल.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते लिहायलासुद्धा लाज वाटते.

विल्फचा नंबर तीन, म्हणून तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांनी उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवायच्या असं ठरलं होतं. उभे राहिलो. पाहुण्या संघाचे लोकसुद्धा उभे राहिले. आणि आमचा गोलकीपर — काय म्हणावं त्याला! — हात वर करून आमच्याकडे बघत टाळ्या वाजवत बसला. त्यांच्या एका पोराने अर्ध्या मैदानावरून चेंडू उंच मारला आणि थेट जाळ्यात!

पाहुणे बेंबीच्या देठापासून ओरडले. आमच्या टाळ्या मात्र चालूच. रेडिओवरचा नवा समालोचक आदराने गप्प राहिलेला. नॉर्मनच्या डोळ्यांतून पाणी — "ऐक डोरीन, ऐक! पाहुणेसुद्धा आपल्या विल्फसाठी कसे ओरडतायत!"

काय सांगणार होते मी? टाळ्या वाजवत राहिले. इअरफोन तर त्याने काढूनच ठेवला, "आता पुरे, कान भरून आले" म्हणत.

मध्यंतराला लाउडस्पीकरवर आलं — शून्य-एक.

"कधी झाला?"

"टाळ्या चालल्या होत्या तेव्हा."

त्याने इअरफोन गुंडाळून खिशात घातला. मग म्हणाला, "वाईट वाटेल म्हणून विल्फने माझ्यापासून एकही गोल लपवला नाही, डोरीन."

उत्तरार्धात मी जीव तोडून सांगत होते — चेंडू तिकडे गेला, आता इकडे आला, अरे देवा गेला! "तिकडे म्हणजे कुठे गं बाई? आणि गेला कोण?" पुढचामागचा सगळा स्टँड हसला. तोही हसला, पण मला त्याचं हसणं कळतं. बसमध्ये म्हणाला, "पुढच्या शनिवारपासून नको जायला. माझं बघून झालं."

भांडला असता तर परवडलं असतं.

१७ फेब्रुवारी, रविवार

नॉर्मनने मिसेस ऑर्मरॉडना पत्र सांगितलं, मी लिहिलं. मजकूर त्याचा: मी आता मैदानावर येणार नाही, कोणावर राग नाही, नऊ वर्षं मिळाली ती माझ्या हिशेबी फुकटचीच, विल्फचे आभार. शेवटची ओळ लिहिताना माझं अक्षर बिघडलं. त्याला दिसणार नाही, हे बरंच.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मिसेस ऑर्मरॉडचा फोन! शेवटची तीन वर्षं विल्फला पलीकडचा गोलपोस्ट दिसतच नव्हता म्हणे. त्या शेजारी बसून कानात सांगायच्या आणि तो माईकवर बोलायचा. कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने.

"शनिवारी तीन वाजले की माझ्या तोंडाला नुसती खाज सुटते हो, डोरीन. आणि घरात ऐकायला कोणी नाही. तुमच्या नॉर्मनशेजारी बसले तर चालेल का?"

मी नॉर्मनला सांगितलं. तो उठला, चाचपडत दारामागे गेला आणि मैदानावर जायचे बूट काढून पुसायला बसला. आज गुरुवार आहे!