गुडघ्याचा नवस

चिक्कडपल्ली, हैदराबाद
३ फेब्रुवारी १९९७

ती. रजनीवन्संना,
सुजाताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आतला ग्रीनलंडचा नकाशा मी पोह्यांच्या डब्यात लपवला आहे. तुमचे बंधुराज त्या डब्यात कधी हात घालत नाहीत. पोहे आपोआप बशीत येतात अशी त्यांची समजूत आहे. कृपा करून फोन मात्र करू नका. फोन येतो तो कोपऱ्यावरच्या बूथवर, आणि बूथवाले नामदेवराव पडले मराठी. त्यांच्या कानावर गेलं की गल्लीभर झालंच.

म्हणजे आता ठरलंच म्हणायचं. एप्रिलअखेर तुम्ही आणि मी, वाटाड्याच्या मागोमाग, पायांत स्की अडकवून आणि कमरेला सामानाची घसरगाडी बांधून, महिनाभर बर्फाच्या पठारावरून चालणार. मी आजवर बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटाखाली.

ह्यांना सांगितलं की तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कोपनहेगनला तुम्ही एकट्या, तेव्हा दीड-दोन महिने मला जायला हवं. ताबडतोब होकार मिळाला. रसिकाच्या हॉस्टेलवर दोन दिवस राहते म्हटलं होतं, तेव्हा माझ्या जेवणाचं काय असं विचारलं होतं. लेकीपेक्षा बहिणीच्या गुडघ्याचं वजन जास्त.

खोटं बोलले, वाईट वाटतं. पण खरं सांगते वन्सं, आजवर आम्ही जिथं गेलो ते ह्यांनीच ठरवलं. तिरुपती, श्रीशैलम, पुन्हा तिरुपती. माणूस वाईट नाही. ते नाही म्हणतील याचं मला काही वाटत नाही. ते नाही म्हणाले तर मी सवयीनं ऐकेन, याची भीती वाटते. आणि मला जायचंय. इतकं मला कशाचंच वाटलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत तसा स्कूटरचा जुना टायर दोरीनं कमरेला बांधून पहाटे गल्लीतून देवळापर्यंत ओढायला लागले. लगेच समोरच्या लक्ष्मम्मांनी गाठलं. बोनालूच्या जत्रेत देवीला डोक्यावर घट घेऊन जाणाऱ्या बायका त्यांनी जन्मभर पाहिल्या, टायर ओढणारी पहिलीच. हा कुठल्या देवीचा मोक्कु, म्हणजे नवस, असं त्या विचारू लागल्या. मी घाबरून सांगून बसले की महांकालीचा, नणंदेच्या गुडघ्यासाठी. दुसऱ्या दिवशी टायरला हळदकुंकू.

लोभ आहेच, तो वाढावा आणि गुप्त राहावा, ही विनंती.

आपली,
सुजाता

•

कोपनहेगन
१६ फेब्रुवारी

चि. सौ. सुजातास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र लायब्ररीत वाचलं आणि इतकी हसले की साहेबीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वीस वर्षं मी इथं लोकांना गप्प बसवते आहे, आज माझ्यावर पाळी आली.

सुरेशची काळजी करू नकोस. त्याला नाही म्हणायला विचार करावा लागत नाही, हो म्हणायला लागतो. लहानपणी आइस्क्रीमलासुद्धा आधी नाही म्हणायचा. पण माझ्या गुडघ्याबद्दल घरात फार अभद्र बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणते, असं आई सांगायची.

स्कूटरचा टायर हलका पडेल. मोटारीचा मिळव. कसा ते तुझं तू बघ, नवसाला काही अशक्य नसतं म्हणतात.

तुझी नसती उठाठेव करणारी नणंद,
रजनी

•

चिक्कडपल्ली
९ मार्च

ती. ताईस,
सुरेशचा शि. सा. न.

तुझ्या गुडघ्याचं ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. सुजाता येतेच आहे. तिच्याबरोबर महानारायण तेल, शेकायची पिशवी आणि गोंगुऱ्याचं लोणचं देतो. लोणचं गुडघ्याला नाही, तोंडाला चव यावी म्हणून.

नवससायासांवर माझा विश्वास नाही, हे तू जाणतेस. पण सुजाता रोज पहाटे तुझ्यासाठी टायर ओढते ते पाहून माझी मान खाली गेली. गल्लीतले लोक आता मलाही थांबून नमस्कार करतात. दिलसुखनगरला कोचिंगला जाणारी मुलं हॉल तिकीट टायरला टेकवून पुढं जातात. ऑफिसात सांगितलं, तर आमच्या साहेबांनी दखनीत निकाल दिला की अशी बायको नशीबवाल्यालाच मिळते. मी मान डोलावली.

मात्र स्कूटरचा टायर मला बरा वाटेना. नवस करायचा तर हातचं राखून करू नये. रविवारी सिकंदराबादला जाऊन अँबॅसडरचे दोन टायर आणले, रिक्षात मांडीवर घेऊन. ते पाहून सुजाता पदर तोंडाशी धरून आत पळाली. मनानं फार हळवी आहे.

तब्येतीस जपावं. लोभ आहे, तो असाच राहो.

तुझा,
सुरेश

•

कोपनहेगन
३ मे

चि. सुरेशास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच, आणि पाणी जवळ ठेव.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलेलंच नव्हतं. मी आणि सुजाता ग्रीनलंडचं बर्फाचं पठार चालून ओलांडणार होतो. घसरगाड्या ओढत, वाटाड्याबरोबर, तंबूत राहून. तो टायर त्याचाच सराव होता. म्हणजे तयारी तूच करून घेतलीस, आणि फार चोख करून घेतलीस.

ऑपरेशन आता झालं आहे. निघण्याआधी आम्ही आठवडाभर नॉर्वेत स्की शिकलो. शेवटच्या दिवशी, सपाट जागेवर, पडायचं कसं नाही हे सुजाताला दाखवताना मी पडले. गुडघा गेला. तुमची चिक्कडपल्लीची वास्तू तथास्तु म्हणाली आणि ते इतक्या लांब ऐकू आलं.

सुजातानं तिथल्या तिथं कमरेचा पट्टा सोडला. गुडघ्यासाठी जाते असं नवऱ्याला सांगून आले, तर आता गुडघ्यासाठीच राहते, म्हणजे खोट्याचं खरं होईल आणि पाप फिटेल, असा तिचा हिशेब. रडतही होती. मग मी नणंदेचा हक्क काढला. इतक्या वर्षांत एकदाही वापरला नव्हता. तिला बजावलं की माझ्या गुडघ्याआड लपून परत फिरायचं नाही. ती त्या रागातच विमानात बसली. माझ्याजवळ इथं एक शेजारीण येते, तू धावत येऊ नकोस.

पहिले चार दिवस वाटाड्या प्रत्येकाला पारखतो, कच्च्याला परत धाडतो. तिला धाडलं नाही. आता वाऱ्यात आणि पांढऱ्या धुक्यात आहे, रेडिओवरून फक्त कुठं पोचले तेवढं कळतं. धोका नाहीच असं म्हणणार नाही. मलाही झोप लागत नाही.

रागवायचं ते माझ्यावर. पण महिनाअखेर ती पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या गावात उतरेल. तिथला पत्ता खाली दिला आहे. ती तुझ्या ‘नाही’ला फार भिते. तिथं पोचल्यावर तिच्या हातात काय पडायचं, ते तू ठरव.

तुझी,
ताई

•

चिक्कडपल्ली
१४ मे

(मायना शेवटी लिहितो. आत्ता सुचत नाही.)

ताईचं पत्र आलं. सगळ्यात आधी राग आला तो टायरांचा. रिक्षावाल्यानं विचारलं होतं की एवढे टायर कशाला, तर मी त्याला भक्तीवर प्रवचन दिलं होतं.

मग रसिकाचा जुना ॲटलास काढला. ग्रीनलंड सगळं पांढरं. त्यात तुझ्याएवढं काही दिसेना, तेव्हा राग गेला आणि भीती वाटायला लागली. ती अजून आहे.

लक्ष्मम्मांना खरं सांगून टाकलं. त्यांच्यावर काही परिणाम नाही. नवस बोलला, टायर ओढला, नणंदेचा गुडघा डॉक्टरनं नीट केला, यात खोटं काय, असं त्यांनी मलाच विचारलं. आता त्या रोज तुझ्यासाठी देवळात जातात. मीही जातो. कुणाला सांगू नकोस.

तू विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं. कारणही दिलं नसतं. आणि तू आत जाऊन चहा टाकला असतास, आणि आपल्या घरात काही घडलं आहे हे मला कळलंही नसतं. असे किती चहा मी प्यालो असेन, ते आठवत बसलो आहे.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तू कधी लांब गेलीच नाहीस. नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहावेत अशी पद्धत. बाबा आईला तसंच लिहीत. मीही लिहून पाहिले आणि फाडले. तू जिथं चालते आहेस तिथं आशीर्वाद द्यायला मी कोण? म्हणून धाकट्यानं थोरांना लिहावा तसा मायना लिहितो. हसायचं तर हस, पण नीट ये.

ती. सौ. सुजातास,
सुरेशचा शिरसाष्टांग नमस्कार.