नाव घे

सांगली, ता. १२ डिसेंबर १९४३

तीर्थरूप अक्कास,

जोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. मी खुशाल आहे. खाणावळीतल्या आमटीत डाळ शोधावी लागते, एवढंच दुःख.

चैत्रात कॉलेजात निबंधवाचन आहे. मी विषय घेतला आहे 'कवितेची वाटचाल'. थोडक्यात सांगतो, कंटाळू नकोस. माणूस आधी कामाच्या लयीवर गायला, जात्यावर आणि मोटेवर. मग त्यानं देवाला आळवलं. पुढं संत झाले, त्यांनी देवाशी घरच्यासारखं भांडण केलं. शाहिरांनी डफावर लढाया उभ्या केल्या. आताचा कवी एकटा बसून स्वतःच्या मनाचं लिहितो, आणि काहीजण तर छंदही सोडायला निघालेत. आमचे सर म्हणतात, माणूस जसा सुटा होत गेला, तशी कविता मोठी होत गेली.

पहिल्या भागासाठी तुझ्या सासूबाईंच्या ओव्या लिहून पाठव. उखाणे मात्र नकोत. ती नुसती यमकं जुळवून वेळ घालवायची गंमत. निबंधात घातली तर सर हसतील.

दाजींचं पत्र आलं का? लोभ ठेवावा, तो मी मागून घेतोच.

तुझा जोतीराम


उंब्रज, ता. २१ डिसेंबर १९४३

चि. जोतीराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधापायी माझे हात सोलून निघाले. सासूबाईंना ओवी सांगा म्हटलं, तर म्हणाल्या, जात्याबिगर तोंडाला येत न्हाई. म्हणून जोंधळे घेऊन बसले. गिरणीतून कालच पीठ आणलं होतं, त्यात ही भर. त्या दळायच्या आणि मी थांबवून लिहून घ्यायची. थांबलं की पुढची ओळ त्या विसरायच्या. शेवटी दोघी दळत बसलो आणि लक्षात राहिली तेवढी लिहिली. त्यातली एक :

दळण दळीते बाई, पीठ पडतं झरारा,
ल्योक शिपाई माजा गेला पान्याच्या पैलतीरा.

ही जुनी नव्हे. तिथल्या तिथं आली.

यांचं पत्र दसऱ्यापासून नाही. लढाईच्या मुलखात टपाल कसं चालतं देव जाणे. दादासो पोस्टमन लांबूनच मान हलवतो, म्हणजे मी विचारू नये. रात्री झोप लागत नाही. तू मात्र अभ्यास सोडून मला धीर देणारी पत्रं लिहीत बसू नकोस. माया आहेच, ती पोस्टानं पाठवावी लागत नाही.

अक्का


उंब्रज, ता. १८ जानेवारी १९४४

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

तिळगूळ वेगळा पाठवला आहे, मित्रांना वाटून स्वतःला ठेव. संक्रांतीला केरबा पाटलांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. सासूबाई बाहेर सोप्यात बसल्या, मामंजी गेल्यापासून त्या आत येत नाहीत. आत एकेकीला नाव घ्यायला लावत होते. माझी पाळी आली आणि पाटलीणबाईंनी मला कुंकू लावलं, वाण दिलं आणि विचारलं पुढच्या बाईला. कुणी वाकडं बोललं नाही. उलट सगळ्या फार गोड वागल्या. पण मला कळलं, या बायकांनी मनात धरून ठेवलंय की हे आता नाहीत.

तेवढ्यात सोप्यातून सासूबाईंचा आवाज आला, "माज्या सुनंला इचारा की गं नाव. तिला बी नवरा हाय."

मग विचारलं. मी वाटीतल्या तिळाचं काहीतरी म्हटलं, नाव घेतलं, आणि यमक आलंच नाही. कुणी हसलं नाही.

तुझ्या सरांना सांग, आम्हाला नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढता येत नाही. पत्रातही मी 'हे' लिहिते, पाहिलंस ना? उखाण्यातच तेवढी मोकळीक आहे. त्यामुळे वेळ घालवायला आम्ही तो घेत नाही.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

अक्का


सांगली, ता. २ एप्रिल १९४४

तीर्थरूप अक्कास शि. सा. नमस्कार.

तुझ्याकडून निघालो तो इथं नीट पोचलो. शिवरात्रीनंतर ती तार आली, तेव्हापासून तू माझ्याशी चार वाक्यं बोललीस, तीही माझ्या जेवणाबद्दल. दाजी परत येणार नाहीत हे मलाच अजून खरं वाटत नाही, तुला मी काय समजावणार.

काल निबंध वाचला. सासूबाईंची ओवी सभेनं दोनदा वाचायला लावली. टाळ्याही पडल्या. उखाणा मी घातला नाही. घालायचा तर तुझा संक्रांतीचा घालावा लागला असता, आणि तो सभेत वाचण्यासारखा नव्हता. सरांचा तो 'सुटा माणूस' मात्र मला वाचताना खटकला. तसं सरांना सांगितलं, ते म्हणाले, विचार करू.

दहाव्याला मी एक पाहिलं. घरात दाजींचं नाव कुणीच घेत नव्हतं. सासूबाई 'माजा ल्योक' म्हणून थांबायच्या आणि तू पदर तोंडाला लावायचीस. यापुढं तुला हळदीकुंकवाला कुणी बोलावणार नाही, नावही विचारणार नाही. रीत मला ठाऊक आहे. तरी मी विचारतो.

अक्का, नाव घे. यमक चुकलं तरी चालेल.

तुझा जोतीराम


उंब्रज, ता. ३० एप्रिल १९४४

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

उसाला पाणी चालू आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझं पत्र उशीखाली ठेवून बरेच दिवस काढले. राग आला होता तुझा, खोटं कशाला सांगू.

शेवटी सासूबाईंना वाचून दाखवलं आणि विचारलं, पाप लागेल का. त्यांनी जात्याचा खुंटा ठोकून नीट बसवला. मग म्हणाल्या, "ल्ही. आन् मला वाचून दाव." मी लिहीत होते तोवर त्यांनीच मामंजींचं नाव घेतलं, इतक्या वर्षांनी. ते तुला लिहीत नाही, ते त्यांचं आहे. माझं हे :

कपाळाचं कुंकू पुसलं, बोटाला थोडं राहिलं,
हंबीररावांचं नाव आज लिहून डोळ्यांनी पाहिलं.

यमक जुळलं. उन्हाळ्याच्या सुटीत ये, आंबे उतरवायला माणूस हवा आहे.

तुझी अक्का