पुतळीपेक्षा तल्लख

१० फेब्रुवारी १९६४, सोमवार
डॉक्टर म्हणाले, स्टोव्ह पेटता ठेवून विसरणं वयाचं. रोज चाला, वेळेवर झोपा, डोक्याला काम द्या. मुंबईहून अविनाशचं पत्र: आई, पुन्हा असं झालं तर डहाणूचं घर बंद, माझ्याकडे यायचं. माझं तीस वर्षांचं घर! उद्यापासून बदाम, फेरफटका, इंग्रजी कविता पाठ.

११ फेब्रुवारी
बदाम भिजवायचे राहिले. समुद्रापर्यंत चालले. परत येताना टांगा. वारा फार होता.

१४ फेब्रुवारी
आमची मासेवाली पुतळी. माझ्याहून पाच वर्षांनी तरी मोठी. चिखले गावाहून टोपली डोक्यावर घेऊन चालत येते. मशेरी लावते, भाकरी-सुकटीवर जगते. अक्षरओळख नाही. तरी बारा घरांच्या आवडी तोंडपाठ! आज म्हणाली, बाय, बोंबील काल नेलेत ना, आज परत कशाला? कालचे फडताळात सापडले. वासावरून.
कॉन्व्हेंटात पाठांतराचं बक्षीस मला होतं. हिला कुणी दिलंय?

१९ फेब्रुवारी
पुतळीला कवितेच्या चार ओळी म्हणून दाखवल्या. एकदा अगदी छान. दुसऱ्यांदा चौथीला अडले, तर पुढचा शब्द तिनेच सांगितला. इंग्रजी! उच्चार मात्र भयंकर.

२६ फेब्रुवारी
अविनाशचं कार्ड: रविवारी येतो. माझी परीक्षा घ्यायला, दुसरं काय. पुतळीला रविवारसाठी दोन मोठी पापलेटं सांगितली. नुसती बघतच राहिली. वय झालं बिचारीचं.

१ मार्च, रविवार, सकाळी दहा
पुतळी विसरली! टोपलीत मासा नाही, केळीची पानं! अविनाशसमोरच म्हटलं, पुतळे, बदाम खात जा.

संध्याकाळी
ती हळूच म्हणाली, बाय, माघाची पुनव जाऊन आज तिसरा दिस. शेटची तिथ. आज या घरात मासा कसा आणू?
अविनाश त्यासाठीच आला होता. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मी इंग्रजी तारखेने चालते, म्हणून एवढं झालं. ह्यांना पापलेट पुतळीकडचंच लागायचं.
पानं वाढली. घर बंद करायचं अविनाशने रद्द केलं. निघताना दुसरी किल्ली पुतळीच्या हातात दिली. म्हणाला, मावशी, आईकडे लक्ष ठेवा. माझ्यासमोर!
पुतळी म्हणाली, आजवर ठेवलंच की.